सुभेदाराची साखर



 संयोजकांनी मला फोन केला तेव्हा त्यांना फौजेतला एखादा किस्सा हवा होता. निवृत्त कर्नल म्हटला की लोकांना बर्फ आणि गोळीबार आठवतो. मी सिग्नल्सचा माणूस. माझी नोकरी वायरी, वायरलेस सेट आणि लॉगबुक यांतच गेली. मी म्हटलं, बोलतो, पण मांजराबद्दल. पलीकडे जरा शांतता झाली. मग विचारलं, "सर, मांजर?" मी म्हटलं, "हो. आणि त्याची साखर."

मांजराला मधुमेह होतो हे मलाही साठीपर्यंत माहीत नव्हतं. आज मी जे सांगणार आहे ते डॉक्टर म्हणून नाही. गेली तीन वर्षं रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा वाजता एका बोक्याला इन्सुलिन टोचणारा माणूस म्हणून सांगतोय. त्यात माझी एक मोठी चूक आहे, आणि खरं तर ती सांगायलाच मी इथे बसलोय.

आम्ही महूला राहतो, इंदूरपासून तासाभरावर. निवृत्तीनंतर इथेच घर घेतलं. बोका आमच्याकडे आला तो पावसाळ्यात, मुठीएवढा, गॅसच्या सिलिंडरमागे बसून ओरडत होता. नारिंगी रंग, पांढऱ्या मिशा, आणि महिन्याभरात चालणं असं की जणू परेडची पाहणी करायला निघालाय. म्हणून नाव सुभेदार. आमची ही त्याला सुभेदारसाहेब म्हणते. मला कर्नलसाहेब म्हणाल्याचं आठवत नाही.

दहा वर्षांचा झाला तेव्हा वजन होतं सहा किलो आठशे. खच्ची केलेला बोका, घरात बसून खाणारा, जाड. मांजरांच्या मधुमेहात धोक्याच्या ज्या खुणा सांगतात त्या सगळ्या याच्या अंगावर. त्यातच त्याला खाज सुटायची म्हणून एका ठिकाणी तीनदा इंजेक्शन दिलं होतं. दिलं की दोन दिवसांत बरा. ते स्टेरॉइड होतं हे मला नंतर कळलं, आणि स्टेरॉइडमुळे मांजराची साखर वाढू शकते हे त्याहून नंतर. नुसतं त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या मांजराला कुणी काही टोचलं तर नाव विचारून लिहून ठेवा. मी विचारलं नव्हतं.

पहिली खबर मुंग्यांनी दिली. हा बाथरूममधल्या मोरीत लघवी करायचा, आणि एक दिवस मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग. हिने फिनेल टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. त्याच सुमारास हा बादलीतलं पाणी प्यायला लागला, एवढं की मी मजेने म्हटलं, याची बदली राजस्थानात झाली वाटतं. खात तर दुप्पट होता आणि पाठीचा कणा हाताला लागत होता. मग सोफ्यावर उडी मारताना चुकायला लागला. मागचे पाय पंजावर न टाकता टाचेवर टेकून, सशासारखा चालायचा. मी म्हटलं, म्हातारा झाला. माझेही गुडघे दुखतात.

टाचेवर चालणं हे म्हातारपण नव्हतं. साखर दीर्घकाळ चढलेली राहिली की नसांना इजा होते, आणि मांजरांत ती अशी मागच्या पायांत दिसते. हे चित्र दिसलं तर थांबू नका. आम्ही महिनाभर थांबलो.

इंदूरला एक तरुण डॉक्टर मुलगी आहे, तिथल्या जुन्या मराठी घरातली. मला पहिल्या दिवसापासून काका म्हणते. तिने साखर बघितली, ४१२ आली. मी लगेच म्हटलं, म्हणजे मधुमेह. ती म्हणाली, "थांबा काका. मांजर घाबरलं की नुसत्या भीतीने साखर तीनशेपर्यंत जाते. पिंजरा, गाडी, कुत्र्यांचं भुंकणं, एवढं पुरतं." म्हणून तिने लघवी तपासली आणि फ्रुक्टोसामीन नावाची रक्ताची तपासणी केली. ती मागच्या दोनतीन आठवड्यांची सरासरी सांगते, त्या क्षणाच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही. दोन्हीकडून तेच उत्तर आलं. वजन पाच किलो दोनशेवर उतरलं होतं.

ती म्हणाली, "काका, दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने. कदाचित आयुष्यभर. काही लोकांना नाही जमत, आणि मी त्यांना दोष देत नाही. तुम्हाला जमेल?"

मी जमेल म्हटलं. सीओला जमेल म्हणतात तसं, काय जमवायचं आहे ते न कळता.

घरी आल्यावर मी हिला म्हटलं की आता रोज सुई टोचायची. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं पंधरा वर्षं चालू आहे. तुम्हाला एकदाही बघवलं नाही."

हे खरं होतं. हिला मधुमेह आहे, पंधरा वर्षं इन्सुलिन घेते. त्यातली निम्मी वर्षं मी बाहेरच्या पोस्टिंगवर होतो, आणि उरलेली निम्मी ती सुई काढायला लागली की मी पेपर घेऊन व्हरांड्यात जायचो. सुईची भीती म्हणून नव्हे. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मग त्या संध्याकाळी हिनेच मला शिकवलं. आधी संत्र्यावर, मग स्वतःच्या पोटावर. हिच्या पोटावर मी पहिल्यांदा सुई टोचली तेव्हा माझा हात थरथरत होता. ही म्हणाली, "बोका एवढा वेळ थांबणार नाही."

मांजराला टोचणं तसं सोपं. सुई केसासारखी बारीक असते. तो जेवायला बसला की बरगडीच्या मागे, कुशीवर, चामडी दोन बोटांत उचलायची, तंबूसारखी. तंबूच्या दारातून आत जावं तशी सुई आत. सगळे मानेमागची सैल चामडी धरतात, पण आमची डॉक्टर म्हणते कुशी बरी आणि रोज जागा थोडी बदलावी. एक धोका म्हणजे सुई चामडीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर येते आणि औषध केसांत जातं. हाताला ओलं लागतं, वास येतो. अशा वेळी किती आत गेलं आणि किती बाहेर, कळत नाही. पुन्हा द्यायचं नाही. हे मी दोनदा सांगतो: शंका आली तर पुन्हा द्यायचं नाही. एका वेळचं इन्सुलिन चुकलं तर मांजराची साखर अर्धा दिवस चढी राहील. दुप्पट गेलं तर मांजर हातचं जाऊ शकतं.

रक्त काढायचं कानाच्या कडेतून. तिथे एक बारीक शीर असते. मोज्यात कोरडे तांदूळ भरून तो गरम करायचा, आधी आपल्या मनगटाला लावून बघायचा, मग कानाला अर्धा मिनिट धरायचा. शीर फुगते. व्हॅसलीनचं बोट फिरवलं तर थेंब केसांत पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. टोचल्यावर कापसाने दाबायचं आणि लगेच बक्षीस द्यायचं. पहिले चार दिवस माझ्या हातावर ओरखडे होते. पाचव्या दिवसापासून तांदळाचा मोजा दिसला की सुभेदार स्वतः येऊन बसायला लागला, कारण त्यामागे उकडलेल्या चिकनचा तुकडा येतो हे त्याला कळलं होतं. कानाला टोचलेलं त्याला फारसं दुखत नसावं. मला उगाच त्याची दया यायची.

ग्लुकोमीटर आम्ही हिचाच वापरला. माणसांचं मीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा साधारणपणे कमी दाखवतं, कारण मांजराच्या रक्तात साखर पेशींत आणि बाहेरच्या द्रवात वेगळ्या प्रमाणात वाटलेली असते. जनावरांसाठी वेगळं मीटरही मिळतं. कुठलंही घ्या, पण एकच ठेवा आणि ते कुठलं आहे हे डॉक्टरांना सांगा. आज हे, उद्या ते, असं केलं तर वहीला अर्थ राहत नाही.

वही ही माझी हद्द. मी सिग्नल लॉगसारखी आखली. तारीख, वेळ, टोचण्याआधीची साखर, किती खाल्लं, किती युनिट, शेरा. शेऱ्यात हिने एकदा लिहिलं होतं, "कर्नल चिडलेले." मी चिडलो होतो कारण आकडा ऐकत नव्हता. एक युनिटने सुरुवात केली होती, साखर साडेतीनशेच्या खाली येईना. मी तिसऱ्याच दिवशी डॉक्टरला फोन केला की दीड करतो. ती म्हणाली, नाही. सुभेदाराला ग्लार्जिन आहे. हे इन्सुलिन कातडीखाली साठतं आणि हळूहळू सुटतं, त्याचा पूर्ण परिणाम दिसायला पाच ते सात दिवस लागतात. रोज आकडा बघून रोज डोस हलवला तर तुम्ही कालच्या डोसशी नाही, परवाच्याशी भांडत असता. तिचं हे वाक्य मला आवडलं. सात दिवस हात बांधून बसलो. मग दीड. मग आठवड्याने दोन. दोनवर साखर जाग्यावर आली.

एका रविवारी आम्ही बारा तास दर दोन तासांनी साखर मोजून आलेख काढला. सकाळी टोचल्यापासून साधारण सहाव्या तासाला सगळ्यात खाली, ११०. डॉक्टर खूश. तिने सांगितलं, या खालच्या टोकावर लक्ष ठेवा. सकाळचा आकडा बघून लोक डोस वाढवतात आणि दुपारी मांजर कोसळतं. हे ऐकून मी मान हलवली होती. पुढे जे झालं त्यात माझी मान हलवलेली काही कामाला आली नाही.

आता सिरिंजबद्दल. कृपा करून ही पाच मिनिटं तरी नीट ऐका, घरात मांजर नसलं तरी. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन शक्तींचं मिळतं. एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट, आणि एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट. साधं किंवा मिश्र इन्सुलिन बाटलीत येतं ते बहुतेक ४० चं. ग्लार्जिन १०० चं. प्रत्येकाची सिरिंज वेगळी. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. दोन्ही तेवढ्याच लांबीच्या, दोन्हीवर तशाच काळ्या रेघा. पण लाल टोपीच्या सिरिंजवर एक युनिटची रेघ म्हणजे मिलीलिटरचा चाळिसावा भाग. तेवढ्यात १०० चं इन्सुलिन भरलं तर एक नव्हे, अडीच युनिट आत जातात.

आमच्या घरात हिचं ४० चं, बोक्याचं १०० चं. एकाच फ्रिजमध्ये, एकाच खणात. हिच्या लाल, त्याच्या नारिंगी.

मार्च महिना होता. बोक्याच्या सिरिंज संपल्या होत्या, मी आणायला विसरलो होतो. सकाळचे सहा, वीज गेलेली. मी हिच्या डब्यातून एक सिरिंज घेतली. टोपी काढली, दातात धरली, मोबाईलच्या उजेडात दोनच्या रेघेपर्यंत ओढलं आणि टोचलं. पाच युनिट. वहीत व्यवस्थित लिहिलं: २ युनिट. अक्षर सुंदर आहे. ते पान मी अजून फाडलेलं नाही.

साडेदहाला ही केर काढत होती. कचऱ्याच्या डब्यात लाल टोपी दिसली. तिचं सकाळचं इंजेक्शन आठला झालं होतं आणि तिची टोपी ती स्वतः वेगळ्या बरणीत टाकते, सुयांसकट. ती डब्यातली टोपी घेऊन बाहेर आली आणि नुसतं विचारलं, "ही कुणाची?"

एवढ्या वर्षांत बऱ्याच ठिकाणी माझ्या पोटात गोळा आला असेल. असा नाही.

सुभेदार नेहमीच्या खुर्चीवर नव्हता. हाका मारल्या. माझी काळी ट्रंक आहे, नावनंबर रंगवलेली, तिच्या मागे भिंतीला चिकटून बसला होता. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, नजर कुठेच नाही. उचलला तर मागचे पाय लोंबत होते आणि अंग थरथरत होतं. मीटर: ३८. लक्षात घ्या, साठच्या खाली गेली की मांजराला धोका असतो.

हिने मध आणला. मी तोंडात ओतायला निघालो, हिने हात धरला. गिळण्याची शुद्ध नसलेल्या जिवाच्या तोंडात ओतलं की ते श्वासनलिकेत जातं. ती बोटाने त्याच्या हिरड्यांवर चोळत राहिली, थोडं थोडं. डॉक्टरला फोन लावला, तिने सांगितलं, चोळत राहा, गाडीत बसा, निघा. मी गाडी चालवली, ही मागे बसून दर थोड्या वेळाने मध चोळत होती. राऊच्या पुढे तो एकदा चाटल्यासारखा झाला. ही म्हणाली, "जीभ बाहेर आली." त्यानंतर आम्ही इंदूरपर्यंत काही बोललो नाही.

सलाइनमधून ग्लुकोज दिलं. रात्रभर ठेवून घेतलं, कारण मधाने साखर वर येते पण आतलं इन्सुलिन काम करतच असतं, तासाभराने पुन्हा खाली खेचतं. मध चाटून मांजर उठून बसलं म्हणजे संपलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने डॉक्टरच्या मदतनिसाला पंजा मारला तेव्हा आम्हाला घरी न्यायची परवानगी मिळाली.

डॉक्टर मला काही बोलली नाही. मी तिला सांगितलं की माझी चूक आहे, वीज नव्हती वगैरे काही नाही, माझी चूक आहे. ती म्हणाली, "काका, मला हे कळलं तरी. सगळे सांगत नाहीत."

आता आमच्याकडे बोक्याचं सामान वेगळ्या हिरव्या डब्यात, वेगळ्या कप्प्यात असतं. सिरिंज भरली की आधी दुसऱ्याला दाखवायची, त्याने टोपीचा रंग आणि आकडा मोठ्याने म्हणायचा, मग टोचायचं. "नारिंगी, दोन." फौजेत संदेश परत वाचून दाखवायची पद्धत असते, तीच. आणि तेच आता हिच्या इंजेक्शनलाही. सकाळी आठला मी व्हरांड्यात जात नाही, "लाल, अठरा" असं म्हणायला स्वयंपाकघरात उभा असतो.

खाण्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. आपल्या घरांत मांजर म्हणजे दूध-पोळी, दूध-भात. मांजर हा मांस खाणारा प्राणी आहे, पोळी-भात पचवून साखर आवरण्यासाठी त्याचं शरीर बनलेलं नाही. दुकानातल्या बऱ्याचशा कोरड्या दाण्यांतही पिष्ट भरपूर असतं. आम्ही डब्यातलं ओलं अन्न आणि थोडं उकडलेलं चिकन, मीठ, कांदा, लसूण काही नाही, यावर आलो. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. नुसतं चिकनही पुरत नाही, त्यात कॅल्शियम वगैरे कमी पडतं. पण इन्सुलिन चालू असताना खाणं एका रात्रीत बदललं तर साखर झपाट्याने खाली येते आणि कालचा डोस आज जास्त होतो. हळूहळू बदला, आणि डॉक्टरला सांगून. आणि जाड मांजर बारीक करायचं म्हणून त्याला एकादशी घडवू नका. जाड मांजर दोनतीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. सकाळी खाल्लं नाही तर इन्सुलिनचं काय, हे त्याच वेळी फोन करून विचारायचं, अंदाजाने नाही. उलट्या, मरगळ, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास, असं दिसलं तर फोन नाही, सरळ गाडी.

गोळ्या नाहीत का, हेही विचारतात. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरमध्ये मांजरांसाठी एका गोळीला आणि २०२३ मध्ये एका तोंडाने द्यायच्या औषधाला मंजुरी मिळाली. पण ती आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजरांसाठी नाहीत आणि त्यांचे स्वतःचे धोके आहेत. सुभेदार त्या यादीत बसत नाही, तो विषय आमच्यापुरता मिटला.

खर्च? इन्सुलिनपेक्षा मीटरच्या पट्ट्याच जास्त खातात. बाटली फ्रिजच्या दारात ठेवू नका, बर्फाजवळ ठेवू नका, ग्लार्जिन हलवू नका, गढूळ दिसलं तर फेकून द्या.

जाता जाता एक. इन्सुलिन शोधणारा बँटिंग हा फौजी डॉक्टर होता, कॅनडाचा. १९१८ मध्ये कांब्रेच्या लढाईत स्वतः जखमी असताना जखमींवर उपचार केले म्हणून त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. १९२१ मध्ये त्याने आणि बेस्टने टोरांटोत हे काम केलं ते कुत्र्यांवर. माणसाला पहिलं इंजेक्शन ११ जानेवारी १९२२ रोजी, एका चौदा वर्षांच्या मुलाला. ते नीट लागू पडलं नाही, औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. बारा दिवसांनी पुन्हा दिलं, तेव्हा साखर उतरली. मी हे हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "म्हणजे पहिलं त्यांचंही चुकलंच."

काही मांजरांचं इन्सुलिन वेळेवर उपचार झाले तर सुटतंही. सुभेदाराचं सुटलेलं नाही. दोनवरून एकवर आलंय. पायांना चारेक महिने लागले, पण आता तो पंजावर चालतो, सोफ्यावर उडी मारतो, ट्रंकेवर मात्र बसत नाही. मूत्रपिंडं थोडी कमजोर झाली आहेत, तेरा वर्षांचा आहे. पुढचं पुढे.

तुमचे प्रश्न लिहून पाठवा, मी आणि ही मिळून उत्तरं देऊ. आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मला पावणेसहाला घरी पोचून मोजा गरम करायचा आहे. नमस्कार.